अर्ध्या तासाच्या बाई

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्यांना सगळे 'अर्ध्या तासाच्या बाई' म्हणत. सकाळी आल्या आल्या त्या हवेच्या टाकीतलं गढूळ पाणी काचेच्या उंच भांड्यात भरत, भांडं खिडकीत ठेवत आणि घड्याळाकडे बघत. तीस मिनिटांत गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं, तर टाकी ठणठणीत. तेवढा वेळ बाई कोणाशी अवाक्षर बोलत नसत. पंपावरचा मेकॅनिक म्हणायचा, बाईंनी त्या भांड्याशीच संसार मांडलाय, आणि ते तोंड उघडत नाही म्हणून टिकलाय. बाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटंही बोलत नाही."

टाकीतलं पाणी खरं तर जिवाणू साफ करतात. घाण हेच त्यांचं अन्न, आणि जगायला त्यांना सतत हवा लागते. त्यांच्यासोबत राहणारे, देठावर डोलणारे घंटेसारखे बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की बाईंचा दिवस चांगला जाई. बावीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं.

पण गेले पाच महिने दर महिन्याला एक सोमवार वाईट निघत होता. गाळ बसेना, टाकीवर पांढरा फेस, घंटा मिटून निपचित. मग आठ-दहा दिवस अर्धवट साफ झालेलं पाणी नदीला जाई. केंद्राच्या साहेबांनी निदान करून टाकलं: रविवारी बाई हवा कमी सोडतात. पुन्हा असं झालं तर त्यांची रवानगी पंपघरात. बाईंनी घरी जाऊन कॅलेंडर काढलं आणि त्या पाच सोमवारांभोवती गोल केले. पाचही महिन्याच्या शेवटच्या शनिवारनंतरचे होते.

पुढच्या शेवटच्या शनिवारी त्या मेकॅनिकला घेऊन निघाल्या. तो रस्त्यांखालच्या गटारांच्या चेंबरची झाकणं उचलायचा, बाई दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायच्या. प्रत्येक ठिकाणच्या पाण्याचा थेंब टाकीतल्या चांगल्या गाळात मिसळून त्या सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत. दोन रस्त्यांच्या पाण्यात घंटा डोलत राहिल्या. पुलापलीकडून येणाऱ्या तिसऱ्या रस्त्याच्या पाण्यात मिटल्या. तीच वाट धरून वर गेल्यावर दुपारी तीनला दोघं इस्पितळाच्या मागच्या भिंतीशी पोचली. इस्पितळाचं गटार जिथे येऊन मिळतं, त्याच्या खालच्या चेंबरचं पाणी मारत होतं, वरच्या चेंबरचं नाही.

मेकॅनिक म्हणाला, सापडलं. बाई बाटलीची दोरी गुंडाळत राहिल्या. इस्पितळाचं औषधभांडार त्यांच्या थोरल्या बहिणीच्या ताब्यात होतं. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ताईंना कधी भेटायला बोलावलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "आज माझी साफसफाई."

भांडारात ताई बाह्या सारून मोरीशी उभ्या होत्या. नळ पूर्ण सोडलेला. मुदत संपलेल्या गोळ्या पाकिटांतून मोकळ्या करून त्या पाण्यात विरघळवत होत्या, बाटल्यांमागून बाटल्या उपड्या करत होत्या.

"ताई, नळ बंद कर."

"अगं, भरपूर पाणी सोडतेय. काही मागे उरत नाही."

"तुझ्या मोरीत उरत नाही. माझ्या टाकीत येतं."

ताईंचा चेहरा उतरला, मग पारा चढला. कित्येक वर्षांपूर्वी इस्पितळाच्या कचऱ्यातल्या बाटल्या कोणी उचलल्या, नवी चिठ्ठी लावून विकल्या आणि एका लेकराचा ताप उतरलाच नाही. तेव्हापासून या खोलीतून वाया गेलेलं एकही औषध बाहेर पडू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या चोखपणावर एवढा भरवसा, की पाच महिन्यांपासून आजूबाजूच्या दवाखान्यांचा मालही त्यांच्याकडेच येऊ लागला होता. आणि जिला बाराखडी त्यांनी गिरवायला लावली, ती आज त्यांना शिकवायला आली होती. हे सगळं त्यांनी ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग मोरीतल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात चांगला गाळ मिसळला आणि म्हणाल्या, "चष्मा लाव आणि बघ."

ताईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी आधी नळ बंद केला.

"म्हणजे मी सगळं नदीत घालत होते?"

"हो."

साहेबांना द्यायच्या अहवालात जागा लिहावी लागणार होती, आणि माणूसही. बाईंनी कागद काढला खरा, पण पेन पुढे सरकेना. ताईंनी तो ओढून घेतला. "तू पंपघरात जाणार आणि मी इथे चोख म्हणून मिरवणार? दे इकडे." त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली.

त्या सोमवारीही टाकी बिघडली. अर्ध्या बाटल्या आधीच वाहून गेल्या होत्या. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.

इकडे इस्पितळाचे मुख्य डॉक्टर म्हणाले, औषधं भट्टीत जाळायला नेणारी गाडी वर्षातून एकदाच येते, तोवर चालू दे जुनी पद्धत. वाया गेलेला माल मोहोरबंद खोक्यांत भरून ताई तो डॉक्टरांच्याच खोलीत रचू लागल्या. भांडारात जागा नाही, आणि बाहेर ठेवायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना खुर्ची मागे सारता येईना. तिसऱ्या आठवड्यात गाडी आली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारनंतरच्या सोमवारी ताई रजा टाकून केंद्रात हजर झाल्या. बाईंनी भांडं भरून खिडकीत ठेवलं. साहेब उगाचच दारात घुटमळत होते. मेकॅनिकनेही पंप वाऱ्यावर सोडला होता. तपकिरी ढग हळूहळू खाली उतरत होता. वर बोटभर, मग चार बोटं नितळ पाणी.

"बसतोय ना गं?" ताईंना राहवेना.

बाईंनी मान न वळवता घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून आठ मिनिटं होती. ताईंनी स्टूल ओढलं आणि तोंड मिटून बसल्या.