हळदीकुंकवाच्या दुपारी गाळलेली ओळ

रेवा, ईशान —

हे मी तुमच्या बाबाला कधी सांगितलं नाही. तुमच्या आजोबांना सांगायचं राहून गेलं, असंही म्हणणार नाही. राहिलं नाही, मी सांगितलं नाही. मग आजच का? परवा फोनवर ईशान म्हणाला की त्याचे सगळे मित्र कुठल्याशा कॉइनमध्ये पैसे घालताहेत. वर हसून म्हणाला, "पण आमची आजी आधी सगळं दोनदा वाचायला लावेल." मागून रेवा म्हणाली, "ती तर बिस्किटाच्या पुड्याचं मागचंही वाचते." मीही हसले. माझ्या सावधपणाचं तुम्हाला कौतुक आहे. तो मी कुठून आणला, हे तुम्हाला ठाऊक नाही.

तुमचा बाबा कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. आम्ही शिंदे की छावनीत राहायचो आणि ग्वाल्हेरात सगळीकडे सागवानाची हवा होती. एक कंपनी तुमच्या पैशानं तुमच्या नावाचं सागाचं झाड लावणार, ते वाढलं की विकणार, आणि कितीतरी पट पैसे तुमच्या हातात देणार. सिटी सेंटरला त्यांचं काचेचं ऑफिस, भिंतीभर जंगलाचा फोटो. तिथले गृहस्थ मला म्हणाले होते, "माताजी, शेअर डूब सकता है, पेड कहाँ जाएगा?" मला हे पटलं. आजोबांना न विचारता मी माझी शिल्लक त्यात घातली. पण ही काही कबुली नव्हे — ते पैसे माझे होते.

आता वन्संबद्दल सांगते. आजोबांची ही थोरली बहीण तुम्ही पाहिली नाहीत. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नाही, गावातच, दाना ओली भागात, दिराच्या घरी राहायच्या. ती माणसं वाईट नव्हती. पण चहा टाकायचा झाला तरी वन्सं आधी जावेला विचारायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सुमन, मला फार नको ग. एक खोली आणि माझा स्वतःचा गॅस. रात्री दोनला चहा प्यावासा वाटला तर कुणाला विचारायला नको."

"रात्री दोनला चहा कोण पितं, वन्सं?"

"अगं, पिणार नाही. पण पिता यावा."

त्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ, पन्हं, ओळखीच्या दहा-बारा जणी. वन्सं स्वयंपाकघरात होत्या. कुंकू लावणं चालू असेतो त्या बाहेर यायच्या नाहीत — कुणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं, आणि कुणी "या" असंही म्हटलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पण आमच्या घरी एक रीत पडली होती. कुंकू आटोपलं की बायका आपापले इंग्रजी कागद काढायच्या — बँकेचे, विम्याचे, परदेशी गेलेल्या मुलांचे — आणि मी ते मराठीत वाचून दाखवायची. मग वन्सं हात पुसत बाहेर येऊन सगळ्यांच्या मध्ये बसायच्या.

त्या दिवशी मी कंपनीची पुस्तिका वाचली. पानामागून पान, उभ्या उभ्या मराठी करत. तुम्हाला कसं सांगू — सासरी माझं इंग्रजी म्हणजे एक शोभेची वस्तू होती. त्या दुपारी मात्र सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: परताव्याची कोणतीही हमी नाही, संपूर्ण रक्कमही बुडू शकते. ती मी एकटी असताना आधीच वाचली होती. पुन्हा नजर तिच्यावर गेली. मी पुस्तिका मिटली आणि पन्ह्याचा पेला उचलला.

का? माझे पैसे त्यात आधीच होते, आणि मला एकटीला भीती वाटत होती म्हणून? की वन्सं इतक्या आनंदानं ऐकत होत्या म्हणून? की ती ओळ वाचली असती तर मीच मूर्ख ठरले असते? तिन्ही कारणं खरी आहेत. वन्संनी पाटल्या विकल्या आणि झाडं घेतली. म्हणाल्या, "चला, माझ्या नावानं काहीतरी वाढेल तरी."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ऑफिसला कुलूप लागलं. झाडं कुणी पाहिलीच नव्हती.

वन्सं दुसऱ्याच दिवशी आल्या. रडल्या नाहीत. माझ्या शेजारी बसून त्यांनी फक्त विचारलं, "सुमन, त्या इंग्रजीत असं काही लिहिलेलं होतं का ग? की बुडतील म्हणून?"

मी म्हणाले, "नाही वन्सं. काहीच नव्हतं."

हीच ती कबुली. ओळ गाळली तेव्हा निदान तोंड बंद होतं. हे मात्र मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

आणि त्यांनी काय केलं? त्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन आल्या. पैसे बऱ्याच जणींचे गेले होते, चार जणी माझ्या नावानं बोलतही होत्या. वन्संनी घरोघरी सांगितलं, "सुमनला बोल लावू नका. ती इंग्रजी शिकलेली आहे. लिहिलेलं असतं तर तिनं सांगितलं नसतं का?" माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी दारोदार नेलं. बायका पुन्हा कागद घेऊन येऊ लागल्या. तेव्हापासून मी एक अक्षर गाळत नाही. तुम्ही ज्याला सावधपणा म्हणता, तो हा.

वन्सं दिराच्या घरीच वारल्या. शेवटच्या दुखण्यात मी बसायला जायची. त्या अंथरुणातून आवाज द्यायच्या, "जाऊबाई, सुमन आलीये, चहा टाकू देता का तिला?" जाऊबाई प्रत्येक वेळी "हो, टाकू दे ना" म्हणायच्या. मी टाकायची. सांगायला वेळ पुष्कळ होता. दुपारी खोलीत आम्ही दोघीच असायचो. त्या माझा हात हातात घेऊन झोपी जायच्या, आणि मी तो तसाच राहू द्यायची.

त्या दुपारी आलेल्या बायकांपैकी आता दोघी उरल्या आहेत. अजूनही कागद वाचून घ्यायला माझ्याकडेच येतात, आणि सागवानाचा विषय निघाला तर एकमेकींना सांगतात की इंग्रजीत तसं काही लिहिलेलं नव्हतं.