पंधराव्या किलोमीटरचं पाणी

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीही हसलेच असते. जळगावच्या एका शाळेत मी सतरा वर्षं विज्ञान शिकवते. "बाई, चकवा खरंच लागतो का?" असं विचारणाऱ्या पोरांना भर वर्गात उभं करून झापलंय मी. भूत-बीत, भास-बिस... माझ्याकडे थारा नाही. तरी गेल्या मे महिन्यातली ही गोष्ट सांगतेय, आणि त्यात माझीच लाज निघणार आहे हे माहीत असून सांगतेय.

पल्लवी माझी धाकटी जाऊ. घर एकच — खाली आम्ही आणि सासूबाई, वर ते. पळायला सुरुवात मी केली, चार वर्षांपूर्वी. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शोभतं का हे, रस्त्यानं धावत सुटायचं?" मी दाद दिली नाही. मग दीड वर्षापूर्वी पल्लवी म्हणाली, "ताई, मीही येऊ का?" म्हटलं ये. माझेच जुने बूट दिले तिला. आणि सहा महिन्यांत ही बया माझ्या पुढे! बरं, धापसुद्धा लागत नाही मेलीला. सासूबाई आता शेजारणींना सांगतात, "आमची पल्लवी बेचाळीस किलोमीटर धावणारे!" तिच्यासाठी रोज रात्री बदाम भिजत घालतात. मला चार वर्षांत एक बदाम मिळाला नाही हो... एक नाही. हेवा म्हणा, मत्सर म्हणा — मी जळत होते. ती समोरून हसत आली तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या पळण्याच्या ग्रुपला शिकवतात ते नाना, भुसावळला रेल्वेत होते, आता रिटायर. त्यांचं म्हणणं, पुढची शर्यत उन्हात आहे तर अंगाला उन्हाची सवय हवी. म्हणून मे महिन्यात दर रविवारी मुद्दाम उशिरा, साडेसहाला निघायचं. आणि पाण्याची पद्धत अशी — हातात बाटली घेऊन कुणी पळायचं नाही. ज्याची पाळी त्यानं शनिवारी संध्याकाळी स्कूटीवर जाऊन दर पाच किलोमीटरला बाटल्या लपवून यायचं. ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, प्रत्येकीवर नाव आणि किलोमीटर लिहायचा. सगळे त्या भरवशावरच धावतात.

त्या शनिवारी पाळी माझी होती. आम्हा सगळ्यांना वीस किलोमीटर, म्हणजे नशिराबादला जाऊन परत. पल्लवीला एकटीला तीस. तिनं नशिराबादहून आत वळून, केळीच्या बागांमधल्या रस्त्यानं आणखी पाच किलोमीटर, ओढ्यावरच्या एका मोरीपर्यंत जायचं आणि फिरायचं. मधे ना टपरी, ना घर. त्या मोरीजवळची बाटली फक्त तिची.

मी मोरीपर्यंत गेले. 'पल्लवी १५' लिहिलेली बाटली हातात घेऊन उभी राहिले. आणि दुपारचं बोलणं आठवलं. सासूबाई नणंदेला फोनवर सांगत होत्या, "मोठीचं आपलं असंच, वेळ घालवणं. खरी पळते ती धाकटी." बस्स. बाटली स्कूटीच्या डिकीत टाकली आणि घरी आले. जिवावर बेतावं असं काही मनात नव्हतं, शपथेवर सांगते. एकदा तरी तिनं धापा टाकत, चालत परत यावं... एवढंच हवं होतं मला.

सकाळी नशिराबादच्या वळणावर ती माझ्यापुढे शंभर पावलं होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती आत वळली, मी मागे फिरले.

नऊला मी परत पोचले. दहा झाले, सव्वादहा. ऊन असं की स्कूटीच्या सीटला हात लाववेना. नाना सारखे घड्याळ बघत होते. "पोरगी यायला पाहिजे होती," म्हणाले. वाटेत कुठे पडली असेल तर? तिची सहा वर्षांची मुलगी घरी टीव्ही बघत बसली होती. मी स्कूटी काढली आणि सुसाट निघाले. देवाधर्माचं कधी न करणारी मी, वाटेत किती नवस बोलले ते मलाच ठाऊक.

नशिराबादच्या अलीकडेच ती दिसली. लाल झालेली, पण धावत होती. मला बघून हसली.

"ताई, तुम्ही पुन्हा आलात? आणि साडी कधी बदललीत?"

मी म्हटलं, "कसली साडी?"

"अहो, मोरीवर हिरवी साडी होती ना! तुम्ही पाणी घेऊन थांबलात म्हणून वाचले आज. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तुम्हीच बसवलंत, डोक्यावर पदर धरलात, उठू देत नव्हतात... म्हणून तर उशीर झाला." मग खाली बघत म्हणाली, "आणि ते बोललात ना, 'किती सुंदर धावतेस गं तू'... ताई, मला रडूच आलं हो."

तिच्या हातात रिकामी बाटली होती. 'पल्लवी १५'. अक्षर माझं. हात लावला, तर अजून थंडगार. मी डिकी उघडली. माझी बाटली तिथेच होती, भरलेली, उन्हानं तापलेली. तिच्यावरही तेच, त्याच अक्षरात. मी लिहिली होती एकच. दोन्ही बाटल्या आजही माझ्या कपाटात आहेत.

उन्हात भास होतात, हे मीच मुलांना शिकवते. म्हणून संध्याकाळी एकटीच मोरीवर गेले. बाजूच्या बागेत एक म्हातारे आबा केळीला पाणी देत होते. विचारलं, सकाळी इथे कुणी बाई होती का? त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तूच तं व्हती ना वं माय. लय येळची उभी व्हती. मी इचारलं बी, उन्हात काहून उभी? तं म्हने, 'जाऊ येऊन र्‍हायली माही, तिले पानी द्याचं हाये.'"

त्या वेळी मी नशिराबाद-जळगाव रस्त्यावर होते. बरोबर सहा जण होते, मोबाईलच्या नकाशात माझी वाट उमटलेली आहे. हिरवी साडी माझ्याकडे आहे, पण ती त्या दिवशी इस्त्रीला दिलेली होती. सगळं जुळवून पाहिलं. काहीच जुळत नाही.

पल्लवीनं घरी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्यापुढेही बदामांची वाटी ठेवली. माझ्या घशाखाली उतरेनात. मी बाटली परत आणली होती, हे पल्लवीला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते, रोज जीभ रेटत नाही.

कोण होती ती, मला माहीत नाही. पण पल्लवीचं आता फारसं खुपत नाही मला. खुपते ती. माझा चेहरा, माझी साडी, माझं अक्षर घेऊन आली, आणि दीड वर्षात मला जे एकदाही म्हणता आलं नाही, ते सहज म्हणून गेली. पल्लवी ज्या ताईवर जीव टाकते, ती तीच आहे. मी नाही.