बसला हिरवा, मला लाल

वाहतुकीवर मत असायला नागपुरात स्वतःची गाडी लागते. मी कित्येक वर्षं स्टिअरिंगमागे बसून सार्वजनिक वाहतुकीचा पुरस्कार करतो आहे. आमच्या रस्त्यावरचे सिग्नल शहर बसला पाहून हिरवे होऊ लागले, तेव्हा याच ब्लॉगवर मी लांबलचक स्वागतलेख लिहिला. बायकोने तो वाचून विचारलं, "बसमध्ये शेवटचं कधी चढलात?" म्हणून शनिवारी निघालो, बसने, कळमन्याचा संत्रा बाजार बघायला.

स्टॉप घरापासून दहा मिनिटांवर. तिथवर गाडीनेच गेलो. हसू नका, ऊन होतं. परतताना रस्ता ओलांडायला नको म्हणून गाडी पलीकडच्या बाजूला, सिग्नलच्या कोपऱ्यालाच लावली. स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटलं.

तुम्ही जाल तर पहाटे जा. मी अकराला पोचलो, तेव्हा लिलाव उरकत आले होते. गेटबाहेर झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे खाल्ले. सोबत रुमाल ठेवा. किलोभर संत्री मागितली, तर व्यापारी म्हणाला, "इथं ढिगानं विकते जी. तुमच्या घराजवळ ठेला नाही का?"

होता.

परतीच्या बसमध्ये शेजारी नरखेडकडच्या एक आजी बसल्या. संत्र्याच्या ट्रकसोबत पहाटे आल्या होत्या. "दोनची एसटी भेटली पाह्यजे बाप्पा. संध्याकाळी नातीले पाह्यले पाहुणे येऊन राहिले. पोरीले शिकाचं हाय. मी नसली तं सारे मिळून हो म्हणून टाकतीन."

"भेटते आजी," कंडक्टर म्हणाला. "बसमध्ये डबी लावली हाय. जवळ गेलो का सिग्नल हिरवा होते."

झालंही तसंच. तीन चौक बस न थांबता निघाली. प्रत्येक वेळी मी आजींना यंत्रणा समजावून सांगितली, जणू डब्या मीच बसवल्या होत्या.

चौथ्या चौकात दिवा हिरवा झाला आणि बस जागची हलली नाही. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी. तिला वळसा घालणारे ऑटो एकमेकांत अडकलेले. दिवा परत लाल.

"काहून थांबला गा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"कोण्या शहाण्यानं कोपऱ्यावरच गाडी लावली."

"हवा काढा त्याची."

"शिकलेला असन," आजी म्हणाल्या.

'लोकांना अक्कल नाही,' असं मीही पुटपुटलो. दुसरा हिरवा गेला. आजींनी कंडक्टरला किती वाजले ते विचारलं, आणि माझा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"माझी आहे," मी म्हणालो.

कंडक्टरने फक्त दार उघडून धरलं. शिव्या परवडल्या असत्या. मी घाईघाईने म्हणालो, "आजी, चला, मीच सोडतो स्टँडवर."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग दिव्याकडे. "तुमच्या गाडीत डबी हाय का?"

नव्हती.

"मंग राहू द्या."

मी गाडी काढली. बस सुटली, पुढचा चौक तिला हिरवाच मिळाला. मागे मला लाल. त्याच्या पुढेही तेच. स्टँडवर पोचलो तेव्हा दोनची एसटी गेटातून बाहेर वळत होती. खिडकीत आजी. बसचा कंडक्टर बाजूच्या टपरीवर चहा पीत होता.

"तुमच्या गाडीत बसल्या असत्या ना काका," तो म्हणाला, "तं पाहुणे चहा पिऊन, तारीख काढून गेले असते."

येताना घराजवळच्या ठेल्यावरून किलोभर संत्री घेतली. बायकोने पिशवी उघडत विचारलं, "कशी आहे मग बस?"

"चांगली चालते," मी म्हणालो. "मी समोर नसलो की."