समोरच्या उतारासाठी स्कोप

मला बंदुकीवर टरेटवाला स्कोप नकोच होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे सगळीकडे असं झालं की जणू मीच हट्टाने आणला.

लेटरकेनी या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात मी भूल देते आणि सर ऑपरेशन करतात. आम्ही पुण्यातल्या एकाच कॉलेजचे, ते सहा वर्षं पुढे. मी इथे आले त्याच आठवड्यात वहिनींनी जेवायला बोलावलं. गप्पांमध्ये निघालं की एनसीसीत मी पॉइंट टू-टू रायफल चालवायची आणि बरी चालवायची. सर हरणांच्या शिकारीला जात. "मग घरी बसून सिरियल बघतेस का?" म्हणाले. बंदुकीचा अर्ज, रेंजवरचा कोर्स, सगळं त्यांनी मागे लागून करवून घेतलं, आणि ज्या डोंगरावर ते जात, त्याच्या मालकाशी माझी ओळख करून दिली. म्हातारा मेंढ्या पाळतो, फार बोलत नाही. त्याने मलाही कागदावर सही दिली.

तीन सीझन मी त्या डोंगरावर गेले. आईला वाटायचं मी ट्रेकिंगला जाते. तिचं फार चुकत नव्हतं, कारण दहापैकी आठ वेळा मी गोळी न झाडताच परत यायची. आठवडाभर दुसऱ्यांचे श्वास मोजायचे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे ओल्या गवतात पालथं पडून राहायचं, एवढ्यावर मी या देशात टिकले. शिकारीचा परवाना मात्र दरवर्षी नवा करावा लागतो आणि त्याला जमीनमालकाची सही लागते. सही नाही तर डोंगर नाही.

माझ्या रायफलवर साधा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, होता. दीडशे मीटरपर्यंत काम भागायचं, त्यापलीकडे मी गोळी झाडतच नसे. हरणं बऱ्याचदा दरीपलीकडच्या उतारावर उभी असत, तीनशे मीटरवर. ती बघायची आणि सोडून द्यायची. सरांना हे पटेना. "समोरची काय फोटो काढायला ठेवलीत? टरेटवाला घे."

टरेट म्हणजे स्कोपच्या डोक्यावर आणि बाजूला असलेली फिरवायची गोल चकती. अंतर वाढलं की गोळी खाली पडते. तीनशे मीटरवर चांगली दीड-दोन वीत पडते. तेवढे क्लिक मोजून चकती फिरवायची, मग जिथे नेम तिथे गोळी. मला ते अवजड प्रकरण वाटत होतं. सरांनी त्यांच्या डायनिंग टेबलवर तीन रविवार माझा क्लास घेतला. यार्ड-इंचवाला घेऊ नकोस, मिल या मापाचा घे, आपल्याला मीटर-सेंटीमीटरच कळतं. एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटीमीटर. चकती लॉक होणारी हवी, नाहीतर कोटाला घासून फिरते. आणि परत फिरवताना मूळ जागेवर आपोआप अडणारी हवी, गारठलेल्या बोटांनी क्लिक मोजता येत नाहीत. मी वहीत लिहून घेत होते. वहिनी मीच आणून दिलेल्या हरणाचा काळ्या मसाल्यातला खिमा वाढत होत्या. या घरात मी किती निश्चिंत असायचे ते आठवलं की आता अंगाची आग होते.

स्कोप आला. सरांनी स्वतः बसवून दिला. रेंजवर सहा शनिवार घालवून मी प्रत्येक अंतराचे क्लिक तपासले, चिठ्ठी करून रायफलच्या दस्त्यावर चिकटवली. मग परवान्याचा कागद घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. तो फाटकाशी उभा होता.

"सहीसाठी कागद आणलाय," मी म्हटलं.

"आह, यू आर ग्रँड," तो म्हणाला आणि आकाशाकडे बघून पावसाचं काहीतरी बोलला.

मला वाटलं, अजून घाई नाही, होऊन जाईल. कागद पिशवीत ठेवून मी हसत हसत निघाले. वॉर्डात कोणी चहा विचारला की नको म्हणायला मी स्वतः हेच शब्द वापरते, गेली पाच वर्षं. कुठल्याही नर्सला तिथल्या तिथे कळलं असतं की म्हाताऱ्याने नाही म्हटलं. मला होकार ऐकायचा होता, म्हणून मी होकार ऐकला.

दोन आठवड्यांनी फोन केला तेव्हा त्याला बिचाऱ्याला स्पष्ट बोलावं लागलं. यंदापासून डोंगरावर एकच बंदूक, असं त्याने उन्हाळ्यातच ठरवलं होतं आणि सरांना तेव्हाच सांगितलं होतं. दोघांतली कोणाची, ते त्याने नंतर सरांना विचारलं. "युअर मॅन, तो तुझा डॉक्टर, म्हणाला, तुझ्याकडे आता लांब मारायचं यंत्र आहे. दरीपलीकडे झाडणार म्हणून. मेंढ्यांना धोका आहे म्हणाला. एखादी चुकार मेंढी असतेच गं तिकडे."

मेंढ्या त्या उतारावर हिवाळ्यात, म्हणजे शिकारीच्या दिवसांत, नसतात, हे मला सरांनीच सांगितलं होतं. आणि उन्हाळ्यात ठरलं होतं म्हणजे ते तीन रविवार, तो खिमा, ती वही, सगळं त्यानंतरचं. मला स्कोप घ्यायला लावत होते तेव्हा त्यांना माहीत होतं की डोंगर एकालाच मिळणार आहे. मी फोन ठेवला आणि किचनमध्ये उभी राहून रडले. डोंगरासाठी रडले हे खरं, पण मला इतकं मूर्ख बनवलं गेलं याचंच जास्त लागलं.

आठ दिवस मी मनात भांडले. काय काय बोलायचं ते पाठ केलं. मग आमची ऑपरेशनची एकत्र लिस्ट आली. चेंजिंग रूमबाहेर मी त्यांना गाठलं आणि एवढंच विचारलं, "सर, तुम्ही त्याला मेंढ्यांचं सांगितलंत?"

ते जरासुद्धा गडबडले नाहीत. "अगं, तो कोणाला तरी काढणारच होता. मी बारा वर्षं जातोय तिथे. तू पाहुणी म्हणून ये की माझ्याबरोबर, दुर्बिणीतून बघायला." मग टोपीची नाडी बांधत म्हणाले, "आणि तो स्कोप आता पडूनच राहणार ना? मला दे. क्लिक वगैरे तू तपासलेलेच आहेत."

मी आत जाऊन पेशंटला भूल दिली. साठीची बाई होती, घाबरलेली, तिचा हात धरून बसले. ती झोपली. मॉनिटरवर सगळं ठीक दिसत होतं. पडद्यापलीकडून सरांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "करू का गं सुरू?"

आठ दिवस पाठ केलेलं सगळं अजून तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "हो सर."