शिनोलीपुढची मोरी आणि नव्या पॅडची व्हॅन

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना गॅरेजमध्ये सगळ्यात आधी मीच हसायचो. मी मूळचा नांदेडकडचा. सातवीत शाळा सुटली, भटकत घोडेगावला आलो आणि तात्यांनी त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवून घेतलं. काम त्यांनी शिकवलं, जेवू काकूंनी घातलं... कुणाचा कोण मी! तात्या हाक मात्र कायम 'पावणं' अशीच मारायचे.

२००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. सकाळी तात्या फटफटीवर डिंभ्याच्या पुढे बंद पडलेल्या एका जीपकडे निघाले. मी एका गुरुजींच्या व्हॅनला पुढचे नवे ब्रेक पॅड टाकत होतो. जाता जाता म्हणाले, "पावणं, नवा खोंड हाय त्यो. पयल्याच दिशी नांगराला जुंपू नका."

म्हणजे असं - नवे पॅड लगेच नीट पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबून कमी करायचा, सोडायचा, पुन्हा वेग घ्यायचा. पण पॅड तापलेले असताना गाडी जागेवर उभी करायची नाही. पॅड ज्या चकतीला पकडतात त्या डिस्कवर डाग बसतो, मग ब्रेक कायम थरथरतो. तात्यांनी हे माझ्या डोक्यात पार भिनवलेलं.

दुपारचं जेवण थंड झालं तरी तात्या नाहीत. मोबाइल तेव्हा आमच्याकडे नव्हते. काकू गॅरेजच्या दारात आल्या. "अजून कसं आलं न्हाईत रं हे? जीपवाला आत्ता हितनं गेला, म्हणतो, माज्या आदीच निघाले. जा बरं बाबा, बघून ये."

चालू गाडी ती व्हॅनच तेवढी होती. तीच घेतली.

शिनोली मागे पडली. पॅड सेट करत, दोन्ही बाजूंना बघत चाललेलो. उतारावरच्या, ओढ्यावरच्या मोरीपाशी ब्रेक दाबला, पाय उचलला... आणि पेडल वर आलंच नाही. उलट आणखी खाली गेलं. माझा पाय अधांतरी आणि पेडल कुणीतरी दमानं दाबावं तसं खाली! गाडी मोरीवर उभी. पण मनात काय आलं? डिस्कला डाग बसेल! बुटाचा पुढचा भाग पेडलखाली घालून वर ओढलं. सुटलं एकदाचं, तशीच गाडी पुढे काढली.

डिंभ्यापर्यंत विचारत गेलो. एक चहावाला म्हणाला, "तात्या व्हय? लई येळ झाला की जाऊन. घरी बसलं असतील जेवत, तुमीच फिरताय राव!"

परत फिरलो. त्याच मोरीवर पेडल पुन्हा खाली - या वेळी तर मी पाय ठेवलाही नव्हता. काही केल्या सुटेना. उतरलो, तेव्हा खालच्या घाणेरीच्या झुडपात फटफटीचं चाक दिसलं.

तात्या ओढ्यात उताणे पडलेले. उजव्या पायावर फटफटी. मी ती बाजूला ओढली तसे डोळे उघडून म्हणाले, "आलास व्हय... किती येळ दाबून धरू रं? पायाला गोळा आला."

"काय दाबून, तात्या?"

"सोडू का आता?"

मला वाटलं, भ्रमात बोलतायत. म्हणालो, "सोडा तात्या, मी आलोय."

वर रस्त्यावर खडी करकरली. मान वर करून बघतो तर व्हॅन उतारावर हळूहळू मागे सरकत होती. घाबरलेल्या मला हँडब्रेक लावायचंही सुचलं नव्हतं. मोरीच्या कठड्याला टेकून ती थांबली. मी पुन्हा तात्यांकडे वळलो... तर ते गेले होते.

डॉक्टर म्हणाले, आत रक्तस्राव झाला होता, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. थोडं आधी म्हणजे मी त्या मोरीवरूनच पुढे गेलो होतो.

नंतर व्हॅनचं पेडल, सिलिंडर, पॅड, सगळं खोललं. काही म्हणजे काही दोष नाही. ओतूरच्या एका मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, "पेडल आडकलं आसंल, भाऊ. आन त्ये सवताच्या फटफटीचा ब्रेक म्हणत आसतील." असेलही. तसंच असावं असं मला फार वाटतं. पण अडकलेलं पेडल दोन्ही वेळा तिथंच का अडकलं, आणि नेमकं तेव्हाच का सुटलं?

काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ह्या पोरानं हुडकलं म्हणून तोंड तरी बघाया मिळालं." मला विचारलं होतं त्यांनी, शेवटी काही बोलले का रं? मी नाही म्हणालो. काय सांगू त्यांना... तात्यांनी धरून ठेवलं होतं, आणि सोडा असं मी म्हणालो?