देवरामबाबांच्या शेडमधले ओले तूस

दिंडोरीकडच्या देवरामबाबांचा एकच नेम होता: आपल्या दारातून तहानलेला जीव माघारी जाता कामा नये. माणूस असो, बैल असो, विजेचे बिल देणारा असो. आधी तांब्या, मग विचारपूस. १९९८ साली त्यांनी एका कंपनीशी करार करून ब्रॉयलर कोंबड्यांची शेड घातली, आणि हा नेम त्यांच्याबरोबरच शेडमध्ये शिरला.

खाली भाताचे तूस अंथरलेले, वर दोरीने टांगलेली पाण्याची भांडी. भांडे पक्ष्याच्या पाठीइतके उंच असावे, असा कंपनीचा दंडक. बाबांनी भांडी खाली सोडली आणि काठोकाठ भरली. घोटभर पाण्यासाठी कुणाला मान ताणायला लावणे, हे काय गृहस्थाचे लक्षण?

पक्षी प्याले थोडे, सांडले फार. तूस भिजले, भिजून थापले गेले, थापून चिखल झाला. वासाने डोळे झोंबू लागले. बाबांनी चुना टाकला, नवे तूस टाकले, पडदे उघडले. भांडी मात्र खालीच.

कंपनीचा सुपरवायझर किशोर नाशिकहून यायचा आणि भांडी वर बांधायचा. त्याची मोटारसायकल वळणाआड गेली, की बाबा दोर सैल करायचे.

अखेर किशोर म्हणाला, “बाबा, पुढच्या खेपेला तूस असंच दिसलं, तर नवी पिल्लं इथं उतरणार नाहीत. रिकाम्या शेडमध्ये भजन करा.”

“आवाज लय घुमंल,” बाबांची बायको चतुराबाई म्हणाली. “टाळकरी घसरत्याल तेवढे.”

“मुक्या जिवाचं पानी तोडू व्हय?” बाबा तिच्यावर उखडले.

“तोडा कोन म्हनतंय? पाव्हन्याला तांब्या द्यावा. त्याच्या अंथरुनावर घागर वतू नाय.”

बाबा तरातरा शेडमध्ये गेले. भरल्या भांड्यापासून हातभर अंतरावर एक कोंबडी चोच उघडी टाकून बसली होती. त्यांनी तिला उचलले. ओल्या तुसाने तिचे तळवे सोलवटून काळे पडले होते. पाण्यापर्यंत चालणे तिच्याने होईना. अहो, पाणी उशाशी आणि जीव तहानेला! ज्या दयेने पाणी मांडले, तिनेच पाय काढून घेतले. बाबा तिला घेऊन त्या चिखलातच बसले. धोतर भिजले. त्यांनी ओंजळीने तिला पाणी पाजले.

मग उठून सगळी भांडी वर बांधली. प्रत्येक गाठीला ‘माफ करा’ म्हटले. चिखल फावड्याने ओढून काढला, कोरडे तूस पसरले, आणि ते रोज उकरले. पक्ष्यांनी मान वर केली, पाणी प्याले, निघून गेले. कोणी रुसले नाही.

किशोर आला. शेड कोरडी होती. एका कोपऱ्यात मात्र अधू पक्षी वेगळे बसवलेले, आणि प्रत्येकापुढे स्टीलची वाटी.

“हे काय?”

“आजारी हायेत. त्यान्ला नियम नाय.”

वाट्यांभोवतीचे तूस चिंब होते. किशोरने ते पाहिले, मग मान वर करून छताच्या पत्र्याकडे पाहिले, आणि नवी पिल्लं कोणत्या वारी उतरवू, असे विचारले.