नरक्याचं नाव

दुपारची जेवणं उरकून मी माजघरात चटईवर अंग टाकते. डोळा लागतो न लागतो तोच तो वास येतो. कुजका, गोडसर.

हौसाक्कांच्या जखमेचा वास. हौसाक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. छातीचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली, आणि भाऊजींनी बायकोची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकली. तिथंच गेल्या त्या.

मी पडवीत उभी आहे. हौसाक्का खाटेवर बसून पाय हलवतायत.

"आलीस व्हय शालन? लाव की पदर नाकाला. मी रागवत न्हाई."

पडवीला मागची भिंतच नाही. खाटेपासून थेट घाटातलं रान सुरू होतं. नुकती तोडलेली झाडं, ओले बुंधे, त्यावर माश्या.

"अक्का, ओकारी येतीय मला. काय कुजलंय?"

"नरक्या तोडलाय."

"नावच तसं. नरकातलं."

"माझ्या म्हायेरी अमृता म्हणत्यात ह्याला."

"ह्या घाणीला?"

अक्का हसतात. "उभ्या झाडाचा कुणाला तरास न्हाई गं. कुऱ्हाड घातली की वास सुटतो. ज्यानं घातली, त्यानंच नाव ठेवलं."

त्या छातीवरचा पदर सारखा करतात.

आता तेच रान आमच्या घराचा पुढचा सोपा झालंय. भाऊजी एका बुंध्यावर बसून जेवतायत. डाव्या हातात अत्तर लावलेला रुमाल, घास गिळला की तो नाकाशी.

"घाणेरी गेली का?" ते विचारतात.

शेवटचे चार महिने ते अक्कांना नावानं नाही, घाणेरीच म्हणायचे. बुंध्यांचा वास कुठल्या कुठे जातो. उरतं ते अत्तर. दाट, तेलकट, घशात चिकटणारं. त्यांच्या मिशीतलं शीत हलतं, आणि मला खरी ओकारी येते. तोल सावरायला मी शेजारच्या बुंध्यावर हात टेकते.

जाग येते. तोंडात आंबट पाणी आलंय. उजव्या अंगठ्यात पिवळट, ओल्या लाकडाची ढलपी रुतली आहे.

सोप्यातून भाऊजींचा आवाज येतो, "कसली घाण सुटलीय घरात?"

मी उठते. ढलपी तशीच ठेवून सोप्यात जाते आणि अंगठा त्यांच्या तोंडापुढं धरते. ते मान मागं घेतात.

"हौसाबाई," मी म्हणते. "हौसाबाई नाव होतं त्यांचं."